मावशीने हात कुठे धुवायचे?

डॉक्टरांचा प्रश्न साधा होता. "सर, लघवीची पिशवी रिकामी कोण करतं?"

"मावशी."

"आणि पिशवीला हात लावण्याआधी ती हात कुठे धुते?"

वर्गात एखाद्या मुलाला प्रश्न विचारावा आणि त्याने छताकडे बघत राहावं, तसा मी बघत राहिलो. बावीस वर्षं शिकवतोय, पण त्या दिवशी मला उत्तर येत नव्हतं. खरं तर येत होतं. सांगायची लाज वाटत होती.

अम्मीला पक्षाघात होऊन तेव्हा चार महिने झाले होते. उजवी बाजू गेलेली, लघवीसाठी कॅथेटर, दिवसभरासाठी ब्युरोकडून आलेली एक मावशी. एका रात्री अम्मीला हुडहुडी भरून ताप आला. सकाळी ती मला माझ्या मरहूम अब्बांच्या नावाने हाक मारू लागली. आम्हाला वाटलं, दुसरा झटका आला. निघाला लघवीच्या मार्गातला संसर्ग, आणि तो रक्तात उतरायच्या बेतात होता. आठ दिवस दवाखान्यात काढले. त्या आठ दिवसांत घरात, नात्यात, मोहल्ल्यात एकच निकाल लागला होता: बाई गलिच्छ आहे, बदला तिला. मीही त्याच पंचांत बसलो होतो.

आता आमच्या घरातली व्यवस्था सांगतो. बेसिन स्वयंपाकघराला लागून आहे. ते घरच्यांचं. मावशीने मागच्या अंगणातल्या नळावर हात धुवायचे, हा नियम कोणी कागदावर लिहिला नव्हता, पण पहिल्या दिवसापासून तिला आणि आम्हाला तो ठाऊक होता. मागच्या नळावर साबण नव्हता. का, तर बाहेर ठेवला की कावळा नेतो. (हे खरं आहे, कावळे साबण पळवतात. पण चार महिने आम्ही कावळ्यापुढे हार मानून बसलो होतो, हेही खरं आहे.) सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. म्हणजे त्या नळालाही बहुतेक दिवस पाणी नसायचंच. शेजारी पिंप होतं, त्यात मग बुडवायचा. त्याच मगाला, त्याच पाण्यात, तोच हात.

बाई गलिच्छ होती की घर?

हा प्रश्न माझ्या एकट्याच्या घराचा असता तर लिहिला नसता. अम्मी आजारी पडल्यापासून मी चांगल्या पंधरा-वीस घरांत डोकावलो असेन. कुणाकडे खाटेवर पडलेली दादी, कुणाकडे नाकात नळी घातलेले चाचा, कुणाकडे डायलिसिसवर असलेला तरणा भाऊ. मुस्लिमांची घरं, लिंगायतांची, पद्मशाली, मराठा, ब्राह्मण. दवाखाना आता लवकर घरी पाठवतो. पूर्वी वॉर्डात होणारं काम आज आपल्या बैठकीच्या खोलीत होतं. कॅथेटर घरी आला, इन्सुलिनची सुई घरी आली, ऑक्सिजनचं मशीन घरी आलं. नर्सच्या टेबलाशेजारी असतं ते हात धुवायचं बेसिन मात्र आलं नाही.

मुस्लिम वाचक इथे लगेच म्हणतील, आमच्यात तर सफाई निम्मा ईमान आहे, पाच वक्त वुजू करतो, आम्हाला काय शिकवता? मीही हेच म्हणत होतो. म्हणूनच या मुद्द्यावर जरा थांबतो.

मी नमाजी माणूस आहे. लघवी नापाक आहे हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. त्यामुळे अम्मीची पिशवी हाताळली की मी चोळून चोळून हात धुवायचो, शिंतोडा उडाल्याची शंका आली तरी पायजमा बदलायचो. हे सगळं नंतर. पिशवीला, नळीला, अम्मीच्या अंगाला हात लावण्याआधी? कधीच नाही. मोटारसायकल लावली, मोबाइल खिशात टाकला, नोटा मोजल्या, आणि त्याच हाताने अम्मीची नळी सरळ केली. माझी सगळी सफाई मला अम्मीपासून वाचवण्यासाठी होती. अम्मीला माझ्यापासून वाचवणारं त्यात काहीच नव्हतं.

फरक एवढाच आहे आणि तो एवढा मोठा आहे. पाकी जपताना माणूस विचारतो, मला काय लागलं? संसर्ग रोखताना विचारावं लागतं, माझ्याकडून तिला काय लागेल? शेजारच्या घरातलं सोवळंही असंच उलट्या तोंडाचं. कुणी मला शिवू नये, म्हणजे झालं.

आणि गंमत बघा, 'आधी' ही गोष्ट आपल्याला परकी नाही. वुजू नमाजच्या आधीच असतो. झोपून उठल्यावर हात धुतल्याशिवाय पाण्याच्या भांड्यात घालू नये, ही शिकवण तर मकतबमध्ये सहा वर्षांच्या पोराला देतात. आमच्या पिंपाजवळ ती कुणाला आठवली नाही. अल्लाहसमोर उभं राहण्याआधी आपण हात धुतो आणि अम्मीच्या उघड्या जखमेला हात लावण्याआधी नाही, तर चूक शिकवणीत नाही, शिकणाऱ्यात आहे. शिवाय नुसता वुजू पुरत नाही, साबण लागतो. जोहरला केलेला वुजू असरपर्यंत टिकला असेल, पण मधल्या वेळात दाराची कडी, रिमोट, नातवाचं नाक असं सगळं हाताला लागून गेलेलं असतं. नमाजची वेळ वेगळी आणि रुग्णाची वेळ वेगळी. रुग्णाची वेळ म्हणजे तिला शिवण्याआधी, नळी-जखमेचं काम करण्याआधी, मलमूत्राचं काम झाल्यावर, आणि तिच्यापासून उठल्यावर. दवाखान्याच्या भिंतीवर हीच यादी चिकटवलेली असते. तिथून आपण औषधांची चिठ्ठी घरी आणतो, भिंतीवरचं भिंतीवरच राहतं.

हात धुवा म्हटलं की माणसाला अपमान वाटतो, हे दुखणं जुनं आहे. 1847 साली व्हिएन्नाच्या मोठ्या दवाखान्यात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरला एक कोडं पडलं होतं. तिथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात शिकलेले डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बाया तापाने जास्त मरत होत्या, इतक्या की तिथे दाखल करू नका म्हणून हातापाया पडायच्या. कारण? डॉक्टर प्रेतं चिरून थेट बाळंतिणीकडे यायचे. सेमेलवाइसने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरी पुष्कळ सहकाऱ्यांना हे पटलं नाही, आमच्यासारख्या सभ्य माणसांचे हात घाण कसे असतील म्हणून. ध्यानात घ्या, सुईणींचा विभाग जास्त सुरक्षित होता आणि शिकलेल्यांचा जीवघेणा. माझ्या घरात बीएड झालेला मी होतो, आणि संशय सातवी शिकलेल्या मावशीवर होता.

"अडाणी बायांना हे जमत नाही" म्हणणाऱ्यांसाठी तर आपल्या महाराष्ट्रातच उत्तर आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच कमी शिकलेल्या बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. हात धुणं, बाळाला ऊब देणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं, वेळ पडली तर इंजेक्शन देणंसुद्धा. नवजात बालकांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास छापून आला आणि पुढे देशभरातल्या आशाताईंच्या घरभेटी याच वाटेने आल्या. झोपडीत, मातीच्या जमिनीवर हे जमलं. त्या बायांना शिकवणारं कुणीतरी होतं, हातात साहित्य दिलं होतं आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं जात होतं. आपण मावशीला काय दिलं?

ब्युरोने तिला एक ॲप्रन दिला होता, त्याचे पैसे तिच्या पगारातून कापून. शिकवणं म्हणजे "घरच्यांशी नीट वाग" एवढंच. आधी ती विड्या वळायची. ते काम कमी झालं म्हणून इकडे वळली. आमच्याकडे येण्याआधी सकाळी दोन तास एका आजोबांची अंघोळ उरकायची. त्यांच्या अंगावर खरूज होती हे तिला महिन्याने कळलं, आम्हाला दीड महिन्याने, आणि तोवर आमच्या घरात तिघे जण रात्री खाजवत होते. आजोबांच्या घरच्यांनी सांगितलं नव्हतं. आपणही सांगत नाही. घरात कुणाचा टीबीचा उपचार चालू असेल तर मावशीपासून सगळ्यात आधी लपवतो, "पळून जाईल" म्हणून. तिला घरी लेकरं आहेत, हे आपल्या हिशेबात नसतं.

दुसरा हिशेब माझाच. सुरुवातीच्या काळात तिला ताप आला, दोन दिवस आली नाही. महिन्याअखेर मी दोन दिवसांचे पैसे कापले. नियमाने कापले, मन अजिबात खालीवर झालं नाही. पुढच्या महिन्यात तिला खोकला झाला तेव्हा ती आली. पदर तोंडावर धरून, आम्हाला दिसू नये अशी खोकत आली आणि दिवसभर अम्मीला भरवत राहिली. अम्मीची छाती त्यानंतर तीन आठवडे घरघरत होती. ते पैसे कापून मी किती वाचवले, ते सांगत नाही. सांगण्यासारखी रक्कम नाही.

आता तो कप. आमच्याकडे खिडकीत एक स्टीलचा कप वेगळा असायचा, तिचा. आमच्या आपांना विचारलं तर म्हणायच्या, "जंतू असतात, दहा घरी जाते ती." दहा घरचे जंतू कपाला लागतात आणि अम्मीच्या नळीला लागत नाहीत, असा यामागचा तर्क. जंतूची एवढी भीती असती तर साबण आधी आला असता, वेगळा कप नंतर. कपाला साबणाने विसळलं की पुरतं. वेगळा कप जंतूसाठी नाही, तो जातीसाठी आहे. आमच्यात जातपात नाही असं भाषणात म्हणणाऱ्यांच्या घरातही तो खिडकीत असतो. संडासाचंही तेच. अम्मीचं सगळं तिने काढायचं, पण स्वतःला जायचं असेल तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबायचं किंवा कोपऱ्यावरच्या सार्वजनिक संडासात जायचं आणि तिथून परत येऊन अम्मीला हात लावायचा. हिला आपण मावशी म्हणतो. म्हणजे खाला. आईची बहीण.

कुणी म्हणेल, सर, हे सगळं पैसेवाल्यांचं काम, ग्लोव्हजचा डबा केवढ्याला पडतो माहीत आहे का? माहीत आहे, आणला होता. पहिला आठवडा मावशी एकच जोडी सकाळपासून घालून फिरायची. डायपर बदलला त्याच ग्लोव्हजने दाराची कडी, मग औषधाची बाटली. ग्लोव्हज तिच्या हाताला जपत होते, बाकी सगळीकडे घाण पोचवत होते. एका कामाला एक जोडी, काम झालं की काढून टाकायची आणि काढल्यावरही हात धुवायचेच. हे जमणार नसेल तर ग्लोव्हजपेक्षा साबण बरा. तीच गोष्ट जंतुनाशक घातलेल्या पाण्याच्या वाटीची. सकाळी कालवलेली ती वाटी संध्याकाळपर्यंत तशीच, एकच फडकं बुडवून सगळं अंग पुसायचं. वास दवाखान्याचा येतो म्हणून घरच्यांना समाधान.

आणि पाणी नाही म्हणाल, तर आपल्या घरातला बधना बाहेर काढा. तोटीतून बारीक धार पडते, एका बधन्यात दोन-तीन माणसांचे हात साबणाने नीट धुऊन होतात आणि कुणाला पिंपात हात बुडवावा लागत नाही. वुजूसाठी आजीच्या काळापासून घरात असलेली ही वस्तू रुग्णाच्या खाटेपाशी ठेवायचं मला डॉक्टरांनी विचारेपर्यंत सुचलं नाही.

कॅथेटरबद्दल एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. नळी जितके दिवस आत, तितका संसर्गाचा धोका वाढत जातो, कितीही काळजी घ्या. पिशवी कायम पोटाच्या पातळीखाली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. आमची तर जमिनीवरच लोळायची, आणि अम्मीला कुशीवर वळवताना आम्ही ती उचलून खुशाल तिच्या पोटावर ठेवायचो, म्हणजे पिशवीतलं उलटं आत. पण खरा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा तो हा: ही नळी अजून हवी आहे का? आम्ही तो चार महिने विचारला नाही, कारण नळी सोयीची होती. डायपरचा खर्च नाही, रात्री उठणं नाही. विचारल्यावर त्यांनी पंधरा दिवसांत ती काढली. अम्मीच्या तापाला जबाबदार कोण याची यादी केली तर मावशीच्या बऱ्याच आधी आमची ही सोय येते. त्याआधी दोनदा कणकण आली होती, तेव्हा मामूंनी मेडिकलवाल्याला विचारून अँटिबायोटिकच्या तीन-तीन गोळ्या आणून दिल्या होत्या. अर्धवट खाल्लेल्या त्या गोळ्यांनी जंतू मरण्याऐवजी पक्का होण्याचीच शक्यता जास्त, हे दवाखान्यात ऐकून घ्यावं लागलं.

मामूंचा विषय निघालाच आहे तर इयादतबद्दलही बोलतो, मग कुणाला राग येवो. आजाऱ्याला भेटायला जाणं सवाबचं काम आहे, यात वाद नाही. पण अम्मी दवाखान्यातून आली त्या रविवारी आमच्याकडे एकतीस माणसं येऊन गेली, मी चपला मोजल्या. त्यात सर्दीवाले होते, शिंकणारी पोरं होती, खाटेवर बसून अम्मीच्या तोंडाजवळ तोंड नेऊन दम करणारे होते. साथीच्या गावात शिरू नका आणि तिथे असाल तर बाहेर पडू नका, ही शिकवण आपण कोविडमध्ये प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवली. शाममध्ये ताऊन पसरल्याचं कळताच हजरत उमर वाटेतूनच परत फिरले, हेही अभिमानाने सांगतो. मग सर्दी झालेली असताना दारातूनच सलाम करून परत फिरायला काय हरकत आहे? फोनवर केलेल्या दुआला काय कमी वजन असतं?

सरकारलाही सोडत नाही. 2020 साली 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणत घराघरांत माणसं पाठवली. ती पाठवलेली माणसं म्हणजे पुन्हा आशाताईच, ज्या आजही मानधनासाठी रस्त्यावर बसतात. घरकामगारांसाठी 2008 चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण आमच्या मावशीला त्याचं नाव मी सांगितलं तेव्हा कळलं. घरातल्या वापरलेल्या सुया वेगळ्या ठेवून द्याव्यात असं 2016 च्या घनकचऱ्याच्या नियमांनी सांगितलं होतं. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत इन्सुलिन आहे आणि घंटागाडीवरचा पोरगा उघड्या हाताने पिशव्या फोडतो. त्याला एक सुई टोचली तर त्याच्या काविळीची जबाबदारी कुणाच्या कुटुंबाची? एक जाड प्लास्टिकची बाटली घ्या, सुया तिच्यात टाका, झाकण लावा, वर मोठ्या अक्षरात लिहा आणि त्याच्या हातात सांगून द्या. महानगरपालिका सुधारेपर्यंत एवढं तर आपल्याला करता येतं.

मावशीला आम्ही बदललं नाही. ब्युरोला मधून काढलं आणि पगार थेट तिला देऊ लागलो. आजारी पडली तर भरपगारी रजा, आणि कावीळ-बीच्या लसीचे तीन डोस घेतले. तिने, मी आणि माझ्या बायकोने, तिघांनी. खिडकीतला कप कपाटात गेला. त्यावर आपा महिनाभर रुसल्या होत्या. साबण जुन्या नायलॉनच्या मोज्यात घालून खाटेच्या दांडीला बांधला आहे, खाली घमेलं आणि शेजारी बधना. कावळा तिथवर येत नाही.

मागच्या शुक्रवारी मामू जुम्याहून थेट आले आणि अम्मीच्या गालाला हात लावायला वाकले. मावशी अम्मीची वेणी घालत होती. मान वर न करता म्हणाली, "मामा, आधी हात."

मामू म्हणाले, "अगं, आत्ता नमाज पढून आलोय, वुजू आहे माझा."

"असू दे," मावशी म्हणाली, आणि बधना उचलून त्यांच्या हातावर धार धरली.